माशांनी खाल्लं ते गेलं कुठे?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलीच्या हौसेखातर घरात ९० लिटरचा छोटा रीफ टँक ठेवला आहे. दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक क्लीनर कोळंबी, थोडे झोअँथस, एक हॅमर आणि एक टॉर्च कोरल, एवढाच पसारा. मुलगी सकाळ-संध्याकाळ दाणे घालते. गेले कित्येक महिने फॉस्फेट ०.४० पीपीएमच्या खाली यायला तयार नाही. दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ माजलंय. दर रविवारी न चुकता दहा टक्के पाणी बदलतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून जीएफओ (फॉस्फेट धरून ठेवणारे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे) घातलं, तर दोन दिवसांत आकडा ०.०५ वर आला. आम्ही खूश झालो, पण हॅमर आक्रसून बसला आणि झोअँथस उघडेनात. घाबरून जीएफओ काढलं, तर आठवडाभरात आकडा परत ०.३५. हे फॉस्फेट येतं तरी कुठून? आणि काढून टाकलं तरी परत का येतं?

उत्तर : येतं ते दाण्यांच्या डबीतून. पाणी, मीठ, वाळू, दगड या सगळ्यांवर संशय घेण्याआधी एक साधा हिशेब मांडू. तो मांडला की तुमचे निम्मे प्रश्न जागच्या जागी सुटतील.

टँक ९० लिटरचा असला तरी दगड आणि वाळूने जागा अडवल्यावर त्यात पाणी असेल ७५ लिटरच्या आसपास. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलीग्रॅम. ०.४० ला ७५ ने गुणा : तुमच्या सगळ्या पाण्यात मिळून फॉस्फेट आहे ३० मिलीग्रॅम. महिनोन्‌महिने तुमची झोप उडवणारा ऐवज एवढाच आहे.

आता दाणे. माशांच्या बहुतेक कोरड्या खाद्यात वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. तो नको म्हणून चालत नाही, कारण हाडं, पेशींची आवरणं, डीएनए, सगळीकडे फॉस्फरस लागतो. तीन छोट्या माशांना दिवसाला ०.३ ग्रॅम दाणे पडतात असं धरू. त्यात ३ मिलीग्रॅम फॉस्फरस आला. फॉस्फरसच्या एका अणूला ऑक्सिजनचे चार अणू जोडले की फॉस्फेट होतं, त्यामुळे वजन तिपटीहून किंचित जास्त भरतं. म्हणजे रोज ९ मिलीग्रॅम फॉस्फेट आत येतं. पूर्ण वाढलेला मासा त्यातलं फारच थोडं अंगात ठेवतो, बाकीचं विष्ठेतून आणि लघवीतून पाण्यात सोडतो. आठवड्याची आवक झाली ६३ मिलीग्रॅम. आणि रविवारी तुम्ही जे साडेसात लिटर पाणी बाहेर काढता, त्याबरोबर जातं किती? ३ मिलीग्रॅम.

हा जमाखर्च एकदा कागदावर लिहिला की पाणी बदलून फॉस्फेट का उतरत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. पाणी बदलणं चांगलंच आहे, त्याने इतर क्षार भरून निघतात, साठलेली सेंद्रिय घाण कमी होते. पण फॉस्फेटपुरतं बोलायचं तर जमा त्रेसष्ट आणि या मार्गाने खर्च तीन.

मग तुम्ही म्हणाल, आठवड्याला साठ मिलीग्रॅम शिल्लक पडत असतील तर आकडा दर आठवड्याला ०.८ ने चढायला हवा होता, तो ०.४० वरच का थांबलाय? इथेच या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. टेस्ट किट दाखवतं ते फक्त पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट. बाकीचं शेवाळाने खाल्लं, जिवाणूंच्या अंगात गेलं, वाळूतल्या गाळात बसलं, आणि बरंच काही दगडांनी धरून ठेवलं. तुमच्या टँकमधले दगड आणि पांढरी वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बहुतेक अ‍ॅरागोनाइट. त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट आपसूक चिकटतं. सच्छिद्र दगडाला आतून-बाहेरून प्रचंड पृष्ठभाग असतो, त्यामुळे पाण्यात जेवढं दिसतं त्याच्या कित्येक पट फॉस्फेट दगडात दडून राहू शकतं. पाण्यातलं प्रमाण वाढलं की दगड घेतो, कमी झालं की सोडतो. तुम्ही जीएफओने पाण्यातले तीसपैकी पंचवीस-सव्वीस मिलीग्रॅम दोन दिवसांत उचलले. दगडांनी आठवडाभरात भरपाई करून दिली. जीएफओ अपेशी ठरलं नाही, त्याने आपलं काम चोख केलं. फक्त ते काम अर्धंही झालं नव्हतं, तेवढ्यात तुम्ही त्याला बाहेर काढलंत.

तुम्ही काढलंत याचा दोष मात्र मी देणार नाही. हॅमर आक्रसला होता, आणि डोळ्यांदेखत प्राणी त्रासात असताना आकड्याचा विचार बाजूला ठेवायलाच हवा. तो आक्रसला कारण ०.४० वरून ०.०५ वर येणं ही त्याच्यासाठी अचानक ओढवलेली उपासमार होती. कोरलच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवालं राहतात, प्रकाशातून अन्न तयार करून यजमानाला देतात. त्यांना फॉस्फेट लागतं. महिनोन्‌महिने भरपूर फॉस्फेटची सवय झालेल्या जिवाला दोन दिवसांत त्याच्या आठव्या हिश्श्यावर आणलं तर तो तक्रार करणारच. शिवाय जीएफओमुळे पाण्याची अल्कलिनिटीही थोडी उतरू शकते, म्हणून जेव्हा ते वापराल तेव्हा अल्कलिनिटीही मोजत जा.

यावरून पुढचा प्रश्न आपोआप येतो की योग्य आकडा कोणता. निरोगी प्रवाळ खडकांभोवतीच्या उथळ पाण्यात फॉस्फेट ०.०२ पीपीएम किंवा त्याहूनही कमी असतं. हे वाचून लोक आपल्या टँकमध्येही शून्य गाठायच्या मागे लागतात. पण समुद्रातल्या त्या कमी आकड्यामागे केवढी उलाढाल चालते ते त्या आकड्यात दिसत नाही. खडकावरून दिवसरात्र प्लवक वाहत असतं, म्हणजे कोरलच्या तोंडाशी अन्न सतत येत असतं आणि त्यात फॉस्फरस असतो. खडकावर राहणारे मासेही मदत करतात. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटाजवळ ज्युडी मायर, एरिक शुल्ट्झ आणि जीन हेल्फमन यांनी याचा सुंदर अभ्यास केला होता. तिथले ग्रंट जातीचे मासे रात्री समुद्री गवतात चरायला जातात आणि दिवसभर ठरावीक कोरलच्या डोक्यावर थवा करून विसावतात. ज्या कोरलवर असा थवा बसत होता ती, थवा नसलेल्या कोरलपेक्षा भराभर वाढत होती, कारण माशांच्या उत्सर्जनातून त्यांना नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळत होता. हा अभ्यास १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. रीफ टँक ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. खडकाला उपाशी पाणी नको असतं. त्याला भरपूर आवक हवी असते, आणि आलेलं तितक्याच वेगाने उचलणारे जीव हवे असतात.

जास्त फॉस्फेटचा तोटाही खरा आहे. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या दक्षिण टोकाकडे वन ट्री बेटावर १९९३ ते १९९६ या काळात ‘एन्कोअर’ नावाचा मोठा प्रयोग झाला. छोट्या-छोट्या नैसर्गिक खडकांवर मुद्दाम नायट्रोजन आणि फॉस्फरस सोडून काय होतं ते पाहिलं गेलं. फॉस्फरस मिळालेल्या कोरलचा सांगाडा कमी घट्ट आणि म्हणून सहज मोडणारा झाला. कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक तयार होताना फॉस्फेट मध्ये येऊन बसतं आणि त्याची नीट रचना होऊ देत नाही. तुमच्या दगडाला फॉस्फेट चिकटतं, त्याच ओढीचा हा दुसरा परिणाम.

उलट टोकही तेवढंच वाईट. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवून दिलं की नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट मात्र तुटपुंजं असेल तर कोरलमधल्या शैवालांच्या पेशीआवरणांची घडणच बदलते आणि उष्णता किंवा प्रखर प्रकाश आला की कोरल लवकर पांढरं पडतं. घरच्या टँकमध्ये याच्या जोडीला आणखी एक संकट येतं. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्यावर गेलेल्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट्स माजतात, तपकिरी, बुडबुडे धरून ठेवणारी लिबलिबीत लाळ दगडांवर पसरते. केसाळ शेवाळ हाताने उपटता येतं, ही लाळ घालवताना अनुभवी माणसंही रडकुंडीला येतात. तेव्हा तुमच्यासारख्या झोअँथस-हॅमरच्या टँकला ०.०५ ते ०.१० हा पट्टा उत्तम. ०.१५ दिसलं म्हणून घाईने काही करू नका.

मोजण्याबद्दल थोडं. फॉस्फेटच्या बहुतेक टेस्ट मर्फी आणि रायली यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर चालतात : आम्लात मॉलिब्डेट घातलं की ते फॉस्फेटला धरतं आणि निळा रंग येतो, जितकं फॉस्फेट तितकी निळाई गडद. रंग डोळ्यांनी जुळवायच्या किटमध्ये ०.०३ आणि ०.१० यातला फरक ओळखणं जवळपास अशक्य, म्हणून डिजिटल कलरीमीटर घ्या. पण तोही ०.०२ इकडे-तिकडे दाखवणारच. काचेच्या नळीवर बोटाचा ठसा असेल, आत बुडबुडा अडकला असेल, पुडीतली पूड नीट विरघळली नसेल, तर आकडा याहूनही भरकटतो. नळी आधी टँकच्याच पाण्याने विसळा, बाहेरून मऊ कापडाने पुसा, मग ठेवा. काही मीटर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस दाखवतात, तेही पीपीबीमध्ये, म्हणजे लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. तसा असेल तर आकड्याला ३.०७ ने गुणून १००० ने भागा. एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. दर तीन दिवसांनी, एकाच वेळेला मोजून वहीत टिपा आणि कल बघा.

आता तुम्ही काय करायचं ते.

पहिलं काम मुलीला द्या. सोनंनाणं तोलायला वापरतात तसा छोटा डिजिटल काटा घ्या आणि दर रविवारी आठवड्याचं खाद्य मोजून एका वेगळ्या डबीत भरून ठेवा : दीड ग्रॅम. त्या डबीतलंच घालायचं, मोठी डबी कपाटात. एवढ्याने आवक ६३ वरून ४५ च्या आसपास येईल. याहून कमी करू नका. माशांना उपाशी ठेवून पाणी स्वच्छ करायचा मार्ग मला मान्य नाही, कारण मासे हा टँकचा उद्देश आहे आणि ते अशक्त झाले की आजार धरतात. गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) देत असाल तर ते विसळून द्यायला हरकत नाही, पण त्याने फार फरक पडेल अशी आशा नको. फॉस्फरस कोळंबीच्या मांसातच असतो, विसळलेल्या पाण्यात जातो तो किरकोळ.

दुसरं, खाल्लेलं कुजायच्या आत बाहेर काढा. टँकच्या मागच्या कप्प्यात जो पांढरा फिल्टर फ्लॉस असतो, तो आठवड्यातून दोनदा बदला. त्यात अडकलेला दाणा आणि विष्ठा तिथेच कुजली तर त्यातलं सगळं फॉस्फेट पाण्यात परत येतं. प्रोटीन स्किमरचं कामही हेच : तो विरघळलेलं फॉस्फेट उचलत नाही, पण फेसाबरोबर सेंद्रिय पदार्थ कुजण्याआधी वर काढतो. एवढ्या टँकला बसणारे छोटे स्किमर मिळतात, जागा असेल तर जरूर लावा. वाळूचा थोडा-थोडा भाग दर पाणीबदलाला सायफनने उपसत जा, सगळी वाळू एकदम नको.

आणि ते केसाळ शेवाळ! त्याला शत्रू समजू नका. त्याने तुमचं कितीतरी फॉस्फेट आपल्या अंगात साठवून ठेवलंय. दगड बाहेर काढता येत असेल तर बादलीत टँकचं पाणी घेऊन त्यात धरा आणि जुन्या टूथब्रशने शेवाळ खरवडा, ते पाणी फेकून द्या. दगड टँकमध्येच असेल तर सायफनची नळी शेजारी धरून उपटा, म्हणजे तुकडे पसरणार नाहीत. मूठभर शेवाळ गेलं की तेवढं फॉस्फेट कायमचं घराबाहेर गेलं. बरेच लोक यासाठी टर्बो गोगलगायी आणतात. गोगलगाय शेवाळ खाते हे खरं, पण खाऊन पुन्हा टँकमध्येच हगते. दगड स्वच्छ दिसतो, जमाखर्च होता तिथेच राहतो.

तिसरं, मागच्या एका कप्प्यात कीटोमॉर्फा लावा. हे तारांच्या गुंत्यासारखं दिसणारं हिरवं समुद्री शैवाल. त्याला छोटा दिवा लावून रात्री, मुख्य दिवे बंद असताना, चालू ठेवा म्हणजे रात्रीचा पीएचही फार उतरत नाही. ढोबळ हिशेब असा की पिळून काढलेलं शंभर ग्रॅम कीटो साधारण ४० मिलीग्रॅम फॉस्फेट घेऊन जातं. आठ-दहा दिवसांनी तेवढं कापता आलं तर आवकेतला मोठा वाटा निघून गेला. मात्र शैवालाला नायट्रोजनही हवा असतो, आणि तो फार. समुद्रातल्या प्लवकात १६ नायट्रोजन अणूंमागे १ फॉस्फरस असं प्रमाण असतं, आल्फ्रेड रेडफील्ड यांच्या नावाने ते ओळखलं जातं. तळाला वाढणाऱ्या शैवालांत हे प्रमाण अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांना १९८३ मध्ये सरासरी ३० ला १ च्या घरात आढळलं. म्हणजे तुमचं नायट्रेट शून्य असेल तर कीटो वाढणार नाही आणि फॉस्फेटही उचलणार नाही. पत्रात नायट्रेटचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही. तो ५ ते १० पीपीएम असेल तर ठीक, शून्य असेल तर आधी तिकडे लक्ष द्या.

जीएफओ पुन्हा वापरायचं, पण धीराने. पाकिटावर तुमच्या टँकसाठी जेवढी मात्रा लिहिली असेल तिच्या पावपट घ्या. बादलीत आरओडीआयच्या (आरओ आणि रेझिनमधून गाळलेल्या) पाण्याने लाल-तपकिरी गढूळपणा जाईपर्यंत धुवा, बारीक जाळीच्या पिशवीत भरून प्रवाहात ठेवा. दाणे एकमेकांवर घासले की भुगा होतो, म्हणून पिशवी घट्ट भरू नका. दर तीन दिवसांनी मोजा. आठवड्याला ०.०५, फार तर ०.१० उतरावं, त्याहून वेगाने उतरलं तर अर्धं काढून घ्या. काही दिवसांनी आकडा उतरायचा थांबेल. तेव्हा जीएफओच्या दाण्यांवरची जागा भरलेली असते, पिशवी टाकून नवीन पावपट भरायची. दगड आतलं देत राहतील, जीएफओ घेत राहील. हे काही आठवडे नाही, काही महिने चालेल आणि चालू द्यावं. ०.१० च्या आसपास आलात की जीएफओ थांबवा आणि बघा. दगड रिते झाले असतील तर आकडा आता उसळी घेणार नाही.

दुकानात तुम्हाला आणखी दोन उपाय सुचवले जातील. एक, व्हिनेगर किंवा व्होडकाचे थेंब घालून जिवाणू वाढवायचे, ते फॉस्फेट-नायट्रेट अंगात घेतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. पद्धत खरी आहे, पण ७५ लिटर पाण्यात मात्रा जराशी जास्त झाली तरी जिवाणू ऑक्सिजन ओढून घेतात आणि सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. स्किमरशिवाय तर हा विचारही नको. दुसरा, लॅन्थॅनम क्लोराइड. जलतरण तलावांतलं फॉस्फेट काढायला वापरतात तेच हे. थेंब पडताच लॅन्थॅनम फॉस्फेटचा पांढरा साका होतो आणि तो अतिशय बारीक जाळीत पकडावा लागतो, नाही तर माशांच्या कल्ल्यांत जातो. मोठ्या टँकच्या जाणकारांनी वापरावं, लहान मूल असलेल्या घरातल्या छोट्या टँकमध्ये कृपा करून नको.

शेवटी पाणी. अमेरिकेत बऱ्याच शहरांच्या पाणीपुरवठ्यात मुद्दामच ऑर्थोफॉस्फेट घालतात. जुन्या शिशाच्या नळांना आतून त्याचं पातळ अस्तर बसतं आणि शिसं पाण्यात उतरत नाही. तुमच्याच राज्यातल्या नेवार्कने २०१९ मध्ये हे सुरू केलं. माणसांसाठी हे वरदान आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण अशा पाण्यात फॉस्फेट १ पीपीएमच्या वर असू शकतं. टँकमधून रोज लिटरभर पाणी उडून जातं, फॉस्फेट मात्र मागे राहतं. तेवढी भर नळाच्या पाण्याने घातली तर आठवड्याला ७ मिलीग्रॅम आत आले, रविवारच्या पाणीबदलाने जातात त्याच्या दुपटीहून जास्त. आरओडीआय युनिट असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) शून्य आहे का ते बघा. रेझिनचा रंग बदलला असेल तर आजच ते बदला. रेझिन दमलं की आधी सुटतात ते सिलिकेटसारखे आयन, मीटरवर त्याची चाहूल उशिरा लागते.

प्रश्न : पुण्यात माझा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. फक्त मासे आहेत, कोरल नाहीत. घरच्या प्यायच्या आरओचं पाणी वापरलं तर चालेल का? फॉस्फेट ०.८ आहे, काळजी करू का?

उत्तर : माशांना ०.८ ने काहीही होत नाही. कोरल नसतील तर फॉस्फेट हा फक्त शेवाळाचा आणि दिसण्याचा प्रश्न आहे, त्यावर खर्च करण्याआधी दिवे सात-आठ तासांवर आणून बघा. घरच्या आरओबद्दल एक गोष्ट माहीत हवी. प्यायच्या पाण्याला चव यावी म्हणून त्यात टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, काहींत खनिजांची कार्ट्रिजही असते. टँकसाठी पाणी घ्यायचं तर मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेनमधून सरळ येणाऱ्या पाण्याला वेगळी नळी काढून घ्या, तो पाच मिनिटांचा खेळ आहे. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर उन्हाळ्यात टीडीएस किती चढतो ते जरूर मोजा.

प्रश्न : आमचं गाव मालवणजवळ आहे. समुद्राचं पाणी आणि किनाऱ्यावर पडलेली पोवळी आणून रीफ टँक केला तर? निसर्गातलंच असल्यामुळे फॉस्फेट कमी राहील ना?

उत्तर : पोवळी आणू नका. प्रवाळ खडक बांधणारी सगळी दगडी कोरल, काळी कोरल, समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि तिथली कोरल पावसाळ्यात गढूळ, गोडसर होणारं पाणी सोसून कशीबशी तग धरून आहेत. त्यांना हात लागता कामा नये.

पाण्याचं म्हणाल तर किनाऱ्याजवळचं पाणी खुल्या समुद्रासारखं नसतं. खाडीतून, वस्तीतून पोषकद्रव्यं येतात, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्रात खालचं पाणी वर येतं. खोल पाण्यात फॉस्फेट ०.२ पीपीएमच्या वर असतं. म्हणजे समुद्रही भरपूर फॉस्फेट बाळगून असतो, फक्त प्रकाशापासून दूर. डिसेंबर ते फेब्रुवारीत, भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून लांब होडीतून आणलेलं पाणी वापरता येतं. आणल्यावर क्षारता आणि फॉस्फेट मोजा, दोन-तीन दिवस झाकून अंधारात निवळू द्या, वरचं घ्या. पण एकदा मासे आले आणि दाणे पडू लागले की ते पाणी समुद्राचं होतं का मिठाच्या पाकिटाचं, याने काही फरक पडणार नाही. एडिसनच्या वाचकांना दिलेला हिशेब तुम्हालाही पहिल्या दिवसापासून लागू. दगडांसाठी दुकानात भाजलेल्या मातीचे सच्छिद्र कृत्रिम दगड मिळतात, जिवाणूंना राहायला ते पुरेसे आहेत. आणि कोरलच बघायची असतील तर हिवाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जाणकार स्थानिक माणसाबरोबर स्नॉर्केलिंग करा, पायात फिन्स असतील तर तळाला न लावता तरंगत रहा.